आजार माझा, आळ मंगलवर

मी कंपनीच्या स्टोअरमध्ये काम करते. शिरूरजवळच्या एमआयडीसीत. बेअरिंग, वॉशर, हातमोजे, ग्रीसचे डबे, सगळं माझ्या ताब्यात. इतक्या वर्षांत ऑडिटला माझा एक नट कमी भरलेला नाही. संध्याकाळी गेटवरची सिक्युरिटीवाली माझी पिशवी वरून नुसती दाबायची आणि म्हणायची, "जावा मॅडम, तुमचं काय बघायचं." आणि त्याच पिशवीत, घरी जाताना वाटेत दुकानात शिरून, मी चहाची गाळणी घालून आणायची. पैसे न देता.

हे असं एकदम सांगून टाकलेलं बरं. आडवळणानं सांगायला लागले तर मी शेवटपर्यंत पोचणार नाही, मी ओळखते मला. लिहायचं कारण एवढंच, की हे वाचताना ज्या बाईची किंवा बाप्याची कानशिलं गरम झाली असतील, त्यांना कळावं की हे आणखी कुणाला तरी झालं होतं. बाकीच्यांनी मला नावं ठेवली तर त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

नको असलेल्या वस्तू

पहिलं म्हणजे टिकल्यांचं पाकीट. ते खरोखर चुकून झालं. बाकीच्या वस्तूंचं बिल दिलं, पाकीट हातातच राहिलं, बाहेर आल्यावर लक्षात आलं. तेव्हाच माघारी वळले असते तर पुढचं काही घडलंच नसतं. पण त्या क्षणी इतकं हलकं वाटलं! माझी आई केडगावला वर्षभर अंथरुणाला खिळून नुकतीच गेली होती. तिच्या आजारपणात छातीवर जे येऊन बसलं होतं, ते कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं झालं. घरापर्यंत ते हलकेपण टिकलं. गॅस पेटवेपर्यंत ओसरलं, आणि मग अशी लाज आली की त्यातली एकही टिकली मी कपाळाला लावली नाही.

पण हात चटावला. केसांच्या क्लिपा, लिंबू पिळायचं यंत्र, साबणाची डबी, बाळाच्या बाटलीचा ब्रश. घरात बाळ कुठलं? आमची श्रुती कॉलेजला जाते. ह्यांना पगार आहे, मलाही आहे. वस्तू परवडत नव्हत्या असं नाही आणि लागत होत्या असंही नाही. सगळं गोधड्यांच्या पेटीत, तळाशी. एकदा आत टाकलं की पुन्हा बघायचंसुद्धा नाही. दर वेळी शपथ घ्यायची. आईची घ्यायची, श्रुतीची घ्यायची. मग एखाद्या दिवशी घशाशी काहीतरी दाटून यायचं, आणि पाय आपोआप दुकानाकडे वळायचे.

मी जे बोलले ते

आमच्या कॉलनीच्या तोंडाशीच शोभाताईंचं दुकान. स्टील, प्लॅस्टिक, बांगड्या, पूजेचं सामान, जे मागाल ते. आपण आपलं हातानं घ्यायचं आणि काउंटरवर आणायचं. तिथं मंगल नावाची एक बाई कामाला होती. मांडवगण फराट्याहून रोज एसटीनं यायची. हसतमुख. मला बघितलं की लांबूनच म्हणायची, "ताई, नवा माल आलाय, बघा तरी." मी बघायची. ती वळली की उचलायची.

एके दिवशी मंगल दिसली नाही. विचारलं, तर शोभाताई म्हणाल्या, "काढून टाकली तिला. कधीपासून माल कमी भरत होता. दुसरं कोण असणार? चार लोकांसमोर पिशवी उपडी करायला लावली. सापडलं काही नाही, पण चोर असा हाती लागतोय होय?"

मी म्हणाले, "खरंय बाई. आजकाल कुणावर विश्वास ठेवायची सोय राहिली नाही."

हे मी बोलले. कुणी बोलायला लावलं नव्हतं. नुसती मान हलवून भागलं असतं. आणि त्याच दिवशी निघताना कपड्यांच्या चिमट्यांचं पाकीट मी पर्समध्ये टाकलं. पुढे डॉक्टरांनी पुष्कळ समजावलं की उचलणं माझ्या हातात नव्हतं. नसेल. पण ते वाक्य तर माझ्या तोंडात होतं ना. त्याला कुठला आजार म्हणायचा?

वाण

जानेवारीत ह्यांनी घराला रंग द्यायचं काढलं. म्हणजे पेटी हलणार, गोधड्या उन्हात पडणार. तळाचं सगळं उघडं पडणार. कचऱ्यात टाकावं तर घंटागाडीवाला कोऱ्या वस्तू बघून दारात विचारायला येईल. आणि मग मला जी अक्कल सुचली ती सुचली. संक्रांत तोंडावर होती. आपल्यात संक्रांतीचं वाण देत नाहीत, लुटतात. म्हटलं, हळदीकुंकू करू आणि सगळं लुटून टाकू. पाप जाईल आणि पुण्यही पदरात पडेल.

स्टिकर गरम पाण्यात भिजवून काढले. एकेक वस्तू रंगीत कागदात बांधली. शोभाताईंना बोलावलं नसतं तर ते डोळ्यावर आलं असतं, म्हणून त्यांच्यासाठी दुसऱ्याच दुकानातली साबणाची डबी बाजूला ठेवली. तीही उचललेलीच, फक्त त्यांची नव्हे. पण आयत्या वेळी श्रुतीनं माझ्या हातातून ताट घेतलं. "आई, तू कुंकू लाव, वाण मी देते." आणि ती हसत हसत वाटत सुटली. चोरीचा माल माझ्या लेकीच्या हातून गेला, हे आठवलं की अजून जेवण जात नाही.

बायका जागेवरच पुड्या सोडायला लागल्या. कुणाला क्लिपा, कुणाला चिमटे, एका सत्तरीच्या आजीला बाळाच्या बाटलीचा ब्रश. "अगं बया, हे हळदीकुंकू हाय का लकी ड्रॉ?" असा हशा पिकला. मीही हसले. शोभाताईंच्या पुडीत साबणाची डबी नव्हे, त्यांच्याच दुकानातली गाळणी निघाली. त्यांनी ती उलटी केली, मुठीखालच्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. मग गाळणी पर्समध्ये ठेवली, तिळगूळ घेतला आणि जाताना म्हणाल्या, "छान लुटलंत हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरी आल्या. ह्यांची सुट्टी होती, हे पेपर वाचत बसले होते. शोभाताईंनी गाळणी टीपॉयवर ठेवली. खाली लाल नेलपॉलिशचा बारीक ठिपका होता. मला तो कधी दिसलाच नव्हता.

"मंगलला काढल्यावरही माल जातच होता," त्या म्हणाल्या. "म्हणून मी प्रत्येक वस्तूला हा ठिपका द्यायला लागले. बिल केलं की तो खरवडून टाकते. आणि ही वस्तू काही मी विकलेली नाही."

"वहिनी, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय," हे उठून उभे राहिले. "आमच्या घरात असलं..."

मी आत गेले आणि पेटीत उरलेलं सगळं पदरात घेऊन आले. ह्यांचं वाक्य तिथंच राहिलं. ते खाली बसले, आणि बराच वेळ पेपरची घडी घालत राहिले. श्रुती दारात उभी होती. ती वळली. आपल्या खोलीत गेली आणि तिनं आतून कडी लावली. आमच्या घरात तोवर खोलीला कडी लावायची पद्धत नव्हती.

शोभाताई पोलिसांत गेल्या नाहीत. "डॉक्टरला दाखवा हिला," एवढंच ह्यांना म्हणाल्या. मंगलवरच्या खोट्या आळाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही.

दौंडची ओपीडी

शिरूरमध्ये डॉक्टरांकडे जायचं म्हणजे ओळखीच्या चार जणांना नमस्कार करत जायचं. म्हणून ह्यांनी दौंड शोधलं. माझं माहेर केडगाव, त्यामुळे बहाणाही तयार होता. शेजारी विचारलं की म्हणायचं, माहेरी चालले. न्हावऱ्यावरून चौफुल्याला, तिथून दौंड. चांगल्या घरच्या बाईनं चोरीवर इलाज करायलासुद्धा थाप मारून जायचं, अशी आमची तऱ्हा.

डॉक्टर म्हणजे माझ्याहून लहान एक बाई. खिडकीतून रेल्वेची शिट्टी आली की बोलणं थांबवायच्या आणि शिट्टी संपली की तिथूनच पुढे सुरू करायच्या. मला ओरडा खायची तयारी होती. त्या ओरडल्याच नाहीत.

"उचलायच्या आधी काय होतं?"

"घशाशी येतं काहीतरी. दम कोंडतो. वस्तू पर्समध्ये पडली की मोकळं वाटतं."

"आणि नंतर?"

"नंतर मरावंसं वाटतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ही बोलायची पद्धत आहे, का खरंच वाटतं?"

"एकदोनदा खरंच वाटलं होतं," मी म्हणाले. शेजारी बसलेल्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. संसाराला इतकी वर्षं झाली, पण ह्यांचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. टेबलाखाली त्यांनी माझं मनगट धरलं आणि ओपीडीतून बाहेर पडेपर्यंत सोडलं नाही.

डॉक्टर म्हणाल्या, ह्याला क्लेप्टोमेनिया म्हणतात, मराठीत चौर्योन्माद. थोड्या लोकांना होतो, लपवणारे फार असतात, आणि औषधानं आणि बोलण्यानं ताब्यात येऊ शकतो. मी ऐकत होते, पण नावातलं 'चौर्य' काही सुटत नव्हतं. ह्यांचं मात्र उलटं झालं. एसटीत बसल्या बसल्या म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हतो? आजार हाय. चोरी न्हाई." चौफुल्याला पुन्हा म्हणाले. न्हावऱ्याला पुन्हा. जणू वर्गात पाठ करून घेत होते.

शनिवार

मग दर शनिवारी दौंड. रोजच्या गोळीनं तोंडाला कोरड पडायची. नियम साधे होते. दुकानात एकटीनं जायचं नाही. मोठी पर्स न्यायची नाही. घशाशी आलं की घरच्या कुणाला तरी लगेच सांगायचं, मग समोर पाहुणे का असेनात. आणि सराव म्हणून ह्यांच्याबरोबर दुकानात जायचं, वस्तूंपुढं उभं राहायचं आणि दाटलेलं आपोआप ओसरेपर्यंत काही करायचं नाही. मी आपले दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहायची. दौंडच्या एका दुकानदाराला वाटलं, कुणीतरी नगरपालिकेच्या मॅडम तपासणीला आल्या. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. हे बाहेर येऊन इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. त्या वर्षात आम्ही दोघं मिळून हसलो ते तेवढंच.

घसरलेही. दवाखान्याच्या समोरच्याच टपरीतून खोडरबर उचललं, डॉक्टरांकडे आत जायच्या आधी. आत जाऊन टेबलावर ठेवलं आणि ढसाढसा रडले. त्या म्हणाल्या, "लपवलं नाहीत ना? हे नवीन आहे." मग माझ्याबरोबर खाली आल्या आणि मी ते परत देईपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या. अशी माणसं भेटतात. हे वाचून डॉक्टरकडे जायला कचरत असाल तर एवढं लक्षात ठेवा.

घरात मात्र सोपं नव्हतं. श्रुती रोज मी कामावरून आले की माझी पिशवी बघायची. मीच तिला बघायला सांगितलं होतं, डॉक्टरांनी सुचवलं म्हणून. पण मुलीनं आईची पिशवी उलगडायची आणि आईनं समोर उभं राहायचं, ही सवय व्हायची गोष्ट नाही. ती बघून झाल्यावर "ठीके" म्हणायची. उन्हाळा संपता संपता एकदा ती पिशवी न बघताच म्हणाली, "आई, भूक लागलीय." मी भाजीची तयारी करताना मनसोक्त रडून घेतलं. कांदा चिरायचा होताच.

सासूबाई निमोण्याला असतात. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांना आधी वाटलं, बाहेरचं काहीतरी आहे, बिरोबाला कौल लावू. नंतर त्यांनी माझ्या गोळ्या स्वतःच्या हातानं मोजून द्यायला सुरुवात केली. कौलाचं पुन्हा काढलं नाही.

राहिलेलं

दिवाळीच्या सुमाराला डॉक्टर म्हणाल्या, "आता बरंच सावरलंय. एक विचारते. ह्या सगळ्यात दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं?"

शिट्टी वाजली. ती संपेपर्यंत मी खिडकीकडे बघत राहिले. मग मंगलचं सांगितलं. माझं ते वाक्यसुद्धा.

घरी येऊन म्हणाले, मला मंगलकडे जायचंय. हे उखडले. "कशाला? डॉक्टरनं आजार सांगितलाय ना? मग डांगोरा कशाला पिटायचा? उद्या श्रुतीच्या लग्नाला कोण विचारील? कंपनीत कळलं तर स्टोअरची चावी ठेवतील तुझ्याकडं?" खोटं काहीच बोलत नव्हते. शोभाताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तिला काढलं ते मी. आता कुठल्या तोंडानं बोलावू? तुम्हीही राहू द्या." मला सुटल्यासारखं वाटलं. खरं सांगते, वाटलं.

आत्या तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या. गोळी हातावर ठेवत म्हणाल्या, "तुजा सासरा मेंढरं राखायचा तवा, दुसऱ्याच्या वाड्यातलं कोकरू आपल्यात मिसळलं, तर गुपचूप न्हेऊन सोडायचं न्हाई. गुपचूप सोडलं की लोक म्हंत्यात, चोरलं व्हतं, पचलं न्हाई. वेशीत उभं ऱ्हाऊन हाळी द्यायची. कुणाचं कोकरू हाय ते घिऊन जावा."

"आई, कोकराचं वेगळं," हे म्हणाले.

"व्हय, वेगळंच," आत्या म्हणाल्या. "त्या बाईचं तर नाव गेलंय."

मी श्रुतीला विचारलं, येशील? ती म्हणाली, "वाण मीच वाटलं होतं ना, मग येते."

मांडवगण

मंगलचं घर गावाबाहेर वस्तीवर. ती दुसऱ्याच्या वावरात कांदा खुरपत होती. आम्हाला बघून उठली, हात झटकले. "ताई? आन् ही श्रुती का? केवढी झाली बाई!" तिनं बांधावर पोतं अंथरलं. तिला वाटलं असणार, दुकानात परत बोलवायला आलोय. तेवढी खुशी तिच्या तोंडावर होती.

मी तिला कायम अगंतुगं करायची. त्या दिवशी तोंडातून "तुम्ही" आलं. सगळं सांगितलं. सांगताना नजर तिच्या हातातल्या खुरप्यावर होती.

"म्हंजी ती गाळणी, चिमटं, क्लिपा... समदं तुम्ही?"

"हो."

"मला काढल्याव बी?"

"हो. मला आजार होता. अजून औषध चालू आहे."

ती हसली, पण ते हसणं नव्हतं. "तुमचं बरं हाय ताई. तुमचा आजार निघाला. मी चोर निघाले."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "ती ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. घरी चला. जे हितं सांगितलं ते आप्पांम्होरं सांगा."

आप्पा म्हणजे तिचे सासरे. अंगणात बाजेवर बसले होते. शेजारच्या दोन बाया लसूण सोलत होत्या. त्या बायांना पाहून मी अंगणाच्या कडेलाच थांबले. आत्ताच्या आत्ता परत फिरावं आणि पहिली एसटी पकडावी असं वाटलं. श्रुतीनं माझ्या दंडाला धरलं होतं. मला आधार म्हणून धरलं की पळू नये म्हणून, ते मी तिला अजून विचारलेलं नाही.

"आप्पा, मी शिरूरहून आले. दुकानातली चोरी मंगलनं केली नव्हती. मी केली होती."

"त्यास्नी ऐकाय येत न्हाई," मंगल म्हणाली. "मोठ्यानं."

मी पुन्हा म्हणाले. आवाज निम्म्यात बसला. बायांचे हात थांबले होते.

"आजून मोठ्यानं."

तेव्हा मी ओरडले. रस्त्यानं सायकलवर चाललेला माणूससुद्धा थांबला. "चोरी मी केली! मंगलनं काही केलं नाही! मी सगळं ऐकलं आणि वर होला हो केलं!"

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली. माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, आता शिवी येणार. आली असती तर बरं वाटलं असतं. पण ते मला काहीच बोलले नाहीत. मंगलकडे वळले.

"मंगल, उद्या बाजार हाय. तू जा."

मंगल जागची हलली नाही. दुकानातून काढल्यापासून तिला कुणी बाजाराला धाडलं नव्हतं, हे मला शेजारच्या बाईनं नंतर सांगितलं. गेलीच तर नणंद बरोबर असायची, आणि पैसे नणंदेकडे.

"एकटी?" तिनं विचारलं.

"मंग काय तर. एकटीच."

मंगलनं खुरपं दाराशी ठेवलं आणि आत गेली. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मग आतून तिचं रडणं ऐकू यायला लागलं, मोठ्यानं, अगदी रस्त्यापर्यंत.